यादी नसलेली डबी

ज्या क्रीमच्या मागची अक्षरं वाचता येत नाहीत ते तोंडाला लावू नये, असं माझं बरीच वर्षं पक्कं मत होतं. आणि कोणी विचारो न विचारो, मी ते ऐकवत असे. हिवरखेडला, म्हणजे तेल्हारा तालुक्यातल्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या हिवरखेडला, आमचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, रबरबँड, मेंदीचे कोन, पावडर, क्रीम, शाम्पूच्या पुड्या. माल आपणच विकायचा आणि घेऊ नको असंही आपणच सांगायचं, हा माझा उफराटा कारभार नवऱ्याला कधीच पटला नाही. मी मात्र चष्मा लावून मिथाइलपॅराबेन, फिनॉक्सीइथॅनॉल, सेटाइल अल्कोहोल ही नावं गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवी. "पाह्य, सारं केमिकल हाय. यापरीस बेसन-हळद लाव." ते मत आज माझं राहिलेलं नाही. कसं बदललं ते सांगते. सगळं बदललेलं नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

मुळात ती भीती आली कुठून? शहरातल्या बायका मासिकं वाचून 'नैसर्गिक'च्या मागे लागल्या असतील. आमचं तसं नव्हतं. आमचा मुलूख कपाशीचा. केमिकल म्हणजे काय, ते आम्ही पाठीवरच्या पंपापासून शिकलो. फवारणी करून आलेला माणूस अंगणातच कपडे उतरवतो आणि आंघोळ झाल्याशिवाय लेकराला जवळ घेत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा आमच्याही घरातले कीटकनाशकाचे डबे गोठ्यातून उचलून कुलपात गेले. त्या डब्यांवर निदान रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षरओळख नसलेल्या गड्यालाही लाल कळतो. क्रीमच्या डबीवर त्रिकोण नसतो. मग जिथे नाव लांब तिथे लाल, असा हिशेब मी मनाशी बांधून टाकला. त्यात डोकं चालवायचं काम नव्हतं, हा त्याचा मोठा फायदा.

या हिशेबाला पहिला धक्का दिला तो अकोल्याच्या एका घरानं. २०२३ च्या सुरुवातीला ही बातमी पेपरांत आली होती. बायोटेक्नॉलॉजी शिकणाऱ्या एका मुलीनं ब्यूटिशियनकडून गोरं करणारं क्रीम घेतलं. चेहरा उजळला, लोक विचारू लागले, म्हणून आईनं आणि बहिणीनंही तेच लावायला घेतलं. पुढे तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला. एकाच घरातल्या तिघी, एकाच सुमाराला, आणि तिघींच्या किडन्या. डॉक्टरांना हे चमत्कारिक वाटलं नसतं तरच नवल. प्रकरण मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मूत्रपिंडविकार विभागापर्यंत गेलं. तिथे क्रीम तपासलं, तर त्यात पारा निघाला. कायद्याला जेवढा चालतो त्याच्या कितीतरी पट.

मला त्या बातमीनं अडवलं ते एका कारणानं. त्या जातीच्या डब्या आमच्या बाजारातही येत. झाकण सोनेरी, नाव परदेशी, पुढे बाईचा फोटो आणि मागे काही नाही. घटकांची यादी नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही. फार तर केशर, मोती, बदाम अशी चार गोड नावं. माझी कसोटी लावली असती तर अशी डबी पहिल्या नंबरानं पास झाली असती, कारण तिच्यावर न वाचता येण्यासारखं काही लिहिलेलंच नसतं. मी मिथाइलपॅराबेनवर बोट ठेवत होते आणि मोती-केशर माझ्या लेखी सौम्य ठरत होतं.

पारा गोरं करतो हे खोटं नाही. अडचण तीच आहे. कातडीला रंग देणारं मेलॅनिन तयार करायला शरीर टायरोसिनेज नावाचं एन्झाइम वापरतं. पारा त्या एन्झाइमचंच काम बंद पाडतो. रंग तयार होईना, म्हणून चेहरा उजळ दिसतो, आणि तोही भराभर. पण पारा कातडीत थांबत नाही. तो रक्तात उतरतो आणि रक्तातून मूत्रपिंडात जाऊन बसतो. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनाही २०२१ ते २०२३ या काळात असेच रुग्ण भेटत गेले होते. लघवीतून प्रथिनं जाताहेत, अंगावर सूज आहे, आणि खोदून विचारलं की बऱ्याच जणांकडे गोरं करणारं क्रीम निघतंय. त्यांचा शोधनिबंध २०२४ मध्ये 'किडनी इंटरनॅशनल'मध्ये छापून आला.

आपल्याकडे २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पारा घालून प्रसाधन बनवायला बंदी आहे. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एक भाग एवढाच चालतो. डोळ्यांच्या प्रसाधनांत सत्तर. जगभरासाठी मिनामाता करार आहे, २०१३ चा. पाऱ्यानं नासलेल्या जपानी गावाचंच नाव त्याला दिलं आहे, आणि भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला. कायदा आहे, करार आहे, आणि डबी मात्र पिशवीतून हातोहात येते. अशा काही डब्यांवर एक सूचना छापलेली असते: लावताना सोन्याचांदीचे दागिने काढून ठेवा. ती वाचून मी हबकले. पारा लागला की सोनं पांढरं पडतं, हे आमच्या गावातल्या कुठल्याही सोनाराला ठाऊक आहे. म्हणजे बनवणाऱ्याला अंगठीची काळजी होती!

एवढ्यानं मी बदलले असते असं नाही. माणूस जुनं मत सोडताना आधी त्याला ठिगळ लावतो. मी म्हणू लागले, बिनयादीचं वाईट आणि यादीवालंही वाईट. पुढचं काम माझ्या पुतणीनं केलं. ती अकोल्याला बी. फार्म करते, मला मोठी आई म्हणते, आणि वाद घालताना माझ्या वयाचा मुलाहिजा ठेवत नाही.

"मोठी आई, तू नावं वाचतेस. क्रम कुठं वाचतेस?"

मला क्रम असतो हेच माहीत नव्हतं. नियम असा आहे, की जे घटक एक टक्क्याहून जास्त आहेत ते उतरत्या क्रमानं लिहायचे. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, हव्या त्या क्रमानं. म्हणून पहिलं नाव बहुतेक वेळा पाणी असतं. पुतणीनं मला एक खूण दाखवली. फिनॉक्सीइथॅनॉल, ज्याच्या नावानं मी इतकी बोटं मोडली, ते माल नासू नये म्हणून घालतात आणि एक टक्क्यापेक्षा जास्त घालताच येत नाही. तेव्हा यादीत ते शोधायचं. त्याच्या मागे जे जे आलं ते सगळं एक टक्क्याच्या आत. दुकानात कोरफडीचं म्हणून विकलं जाणारं एक हिरवं जेल होतं, पुढे हातभर कोरफडीचं पान छापलेलं. मागे पाणी, ग्लिसरीन, जेल घट्ट करणारा कार्बोमर, मग फिनॉक्सीइथॅनॉल, आणि त्याच्याही मागे कोरफड, वास, हिरवा रंग. ज्या नावाला मी विष म्हणत होते त्याच्याच आधारानं मला कोरफडीची लबाडी पकडता आली. त्या दिवसापासून लांब नावांशी माझं जरा जमायला लागलं.

सेटाइल अल्कोहोलचा दारूशी संबंध नाही. तो मेणासारखा पांढरा घट्ट पदार्थ आहे आणि कातडी मऊ करतो. पॅराबेन ठरलेल्या मर्यादेत बुरशी आणि जंतू रोखतात. टिकवणारं काहीच न घातलेलं पाण्याचं क्रीम आमच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात काय अवतार धरील, ते दोन दिवस बाहेर राहिलेल्या वरणावरून ओळखावं.

मग आम्ही दोघींनी दुकानातली क्रीमं एका बाजूला काढून त्यांच्या याद्या ताडून पाहिल्या. निघालं ते असं, की बहुतेक मॉइश्चरायझरांत कामं तीनच आहेत. काही घटक पाणी धरून ठेवतात: ग्लिसरीन, युरिया, हायल्युरॉनिक आम्ल. काही घटक वर थर धरून आतलं पाणी उडू देत नाहीत: पेट्रोलियम जेली, पॅराफिन, मेण. आणि काही मधल्या फटी बुजवून कातडी गुळगुळीत करतात: तेलं, चरबीयुक्त आम्लं, तो सेटाइल अल्कोहोल. बाकी वास, रंग आणि डबीचा आकार. स्वस्त बाटलीत ग्लिसरीन दुसऱ्या नंबरावर, महाग बाटलीतही ग्लिसरीन दुसऱ्या नंबरावर. महाग बाटलीत शेवटी हायल्युरॉनिक आम्लाचा एक थेंब. मी चिडले ते इथे. केमिकलचा राग ओसरला आणि किमतीचा चढला.

पाणी उडू न देण्यात पेट्रोलियम जेलीच्या जवळपास कोणी येत नाही. रॉबर्ट चेसब्रो नावाच्या माणसानं १८७२ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं. तेलविहिरींवरच्या चिकट गाळातून त्यानं ती काढली होती. हे ऐकलं की बायका नाक मुरडतात, मीही मुरडलं होतं. पण शुद्ध केलेली जेली इतकी निवांत वस्तू आहे की कातडी तिच्याशी क्वचितच भांडते. आमच्याकडच्या कोरड्या हवेत नुसतं ग्लिसरीन लावून भागत नाही. ओल्या अंगावर ग्लिसरीनचं काही लावायचं आणि वरून जेलीचा हात फिरवायचा, म्हणजे ते टिकतं. हे दोन्ही मिळून एका सिनेमाच्या तिकिटाइतकेही पैसे लागत नाहीत.

युरियाची गंमत वेगळी. निंदायला जाणाऱ्या बायकांच्या टाचांना ज्या भेगा पडतात त्या साध्या क्रीमनं हलत नाहीत. त्यांच्यासाठी दहा ते वीस टक्के युरियाचं मलम चांगलं. युरिया पाणी धरतो आणि वाढीव टक्केवारीला जाड झालेली कातडी सैलही करतो. आपल्या कातडीत तो मुळातच असतो. पण मी 'युरिया' म्हटलं की दुकानात हशा. "काकू, वावरातला युरिया पायाले लावू काय?" रेणू तोच, हे खरं. १८२८ मध्ये फ्रीडरिश व्होलर या जर्मन रसायनतज्ज्ञानं तो प्रयोगशाळेत बनवला, तेव्हा सजीवांच्या शरीरात तयार होणारा पदार्थ कारखान्यातही होऊ शकतो हे लोकांना पहिल्यांदा पटू लागलं. जिवंत शरीरातला आणि प्रयोगशाळेतला युरिया वेगळा ओळखता येत नाही, या एका गोष्टीवर माझं 'नैसर्गिक विरुद्ध केमिकल'चं सगळं बांधकाम खचलं. तरी पंचेचाळीस किलोच्या गोणीतला दाणा पाण्यात विरघळवून टाचेला लावू नये, हे मी प्रत्येकीला बजावते. तो पिकासाठी केलेला आहे, त्यावर निंबोळी तेलाचं आवरण असतं आणि त्यात बाययुरेटसारखी भेसळ चालवून घेतलेली असते. शेतकऱ्याच्या घरात हे सांगावं लागतं. ट्यूब पैशाची आहे, गोणी घरातच आहे.

आयुर्वेदिक मालावर मी फार विसंबून होते. त्याची यादी छोटी, नावं ओळखीची: हळद, चंदन, कोरफड, आणि शेवटी 'क्रीम बेस, आवश्यकतेनुसार'. ते शेवटचे शब्द मी कधी नीट वाचलेच नव्हते. आयुर्वेदिक परवान्याच्या मालावर वनस्पतींची नावं आणि प्रमाण लिहितात. बाकीचं सगळं त्या 'बेस'मध्ये मावतं. पाणी, मेण, इमल्सिफायर, टिकवणारं द्रव्य, जे दुसऱ्या डबीवर दहा नावांनी पसरलेलं असतं, ते इथे दोन शब्दांत. म्हणजे जी यादी मला स्वच्छ वाटत होती तिच्यात मला कमी सांगितलेलं होतं. यात लबाडीच आहे असं मी म्हणत नाही. परवाना वेगळा, नियम वेगळा. हळदीचं क्रीम औषध की प्रसाधन, हा पेंढरकरांच्या विकोचा आणि अबकारी खात्याचा झगडा वर्षानुवर्षं कोर्टात चालून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. डबीतलं क्रीम तेच. प्रश्न कर किती, हा होता.

घरगुती उपायांत सर्वांत मोठा फेरविचार मला लिंबाच्या बाबतीत करावा लागला. लग्नाआधी पोरींनी लिंबाची फोड तोंडावर चोळायची, ही आमच्याकडची जुनी रीत, आणि मी तिची प्रचारक. लिंबाचा रस तीव्र आंबट असतो, कातडीचा स्वतःचा आंबटपणा त्यापुढे अगदी सौम्य. पण मुख्य धोका दुसराच. लिंबाच्या सालीत फ्युरोकौमॅरिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग महिनोन् महिने राहतात. अकोल्याच्या उन्हात पारा पंचेचाळिशीला जातो आणि आमच्याकडे लग्नसराई नेमकी तेव्हाच! उजळ व्हायला लावलेलं लिंबू काळे डाग देऊन जातं, आणि दोष मात्र लग्नातल्या मेकअपवर येतो. हळद-बेसनाशी माझं भांडण नाही. दिवाळीचं उटणं मी आजही घरीच कुटते.

टिकलीबद्दलही असंच. कपाळावर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग पडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. लोक त्याला कोड म्हणून मोकळे होतात. पुष्कळदा तो टिकलीच्या गोंदाचा प्रताप असतो. गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल फिनॉलनं रंगपेशी मरतात. टिकलीच्या पाकिटावर घटकांची यादी मला अजून दिसलेली नाही, आणि मी टिकल्या विकते. त्यावर माझ्याकडे उत्तर एवढंच आहे की कपाळाला खाज सुटली तर त्याच दिवशी टिकली बंद करा.

याच सुमाराला, २०२४ सरताना आणि २०२५ लागताना, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा वगैरे गावांत लोकांचे केस गळून टक्कल पडू लागलं. शेगाव आम्हाला लांब नाही. आठवड्याच्या आत आमच्याकडे शाम्पूच्या पुड्या कोणी घेईना. दोष दोघांवर आला: शाम्पू आणि खारं पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आमच्या दक्षिणेला पसरलेला आहे, तिथलं पाणी बदनाम असणं समजण्यासारखं. साबणाला फेस येत नाही, अंग चिकट राहतं, कातडी कोरडी पडते. आणि माझ्या जुन्या मनानं पटकन शाम्पूचं नाव घेतलं. पण ज्यांनी शाम्पू लावलाच नव्हता अशांचेही केस गेले होते. पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासणी करून बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे. सेलेनियम जमिनीतून पिकात येतं. शरीराला ते चिमूटभरच लागतं आणि जास्त झालं की केस, नखं जातात. ज्याला कोणीही केमिकल म्हणणार नाही अशा पोळीवर संशय येऊन थांबला होता.

यादी वाचता आली की सगळं सुटतं असंही नाही. सर्वांत वाईट चेहरे मी पाहिले ते मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबांनी झालेले, आणि त्या ट्यूबांवर सगळं स्वच्छ छापलेलं असतं: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि जोडीला मोमेटासोनसारखं स्टिरॉइड. वांगासाठी या तिघांची जोडणी अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाच्या १९७५ च्या सूत्रावरून आली. डॉक्टरच्या नजरेखाली काही आठवडे लावायचं ते औषध. आमच्याकडे ती 'गोरं व्हायची ट्यूब' झाली. एकीनं दुसरीला सांगायचं, दुसरीनं रिकामी ट्यूब दाखवून नवी आणायची. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरंच लखलखतो. मग कातडी पातळ होते, लाली येते, उन्हात जळजळतं, पुळ्या उठतात, काहींना गालावर लव येते. आणि ट्यूब बंद केली की हे सगळं उसळून येतं, म्हणून पुन्हा ट्यूब. त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांतली पाहणी प्रसिद्ध केली होती. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांत ४३३ जण स्टिरॉइड लावत होते, आणि निम्म्याहून अधिक जणांना ते सुचवणारा डॉक्टर नव्हता. २०१८ मध्ये सरकारनं अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. पाकिटावर आरएक्स ही अक्षरं आणि लाल रेघ असते. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल ज्यांना कळतो त्यांना ही रेघही कळायला हवी. पण ती कोणी कधी सांगितलेली नसते. मी आता सांगते. "कोनाच्याबी चेहऱ्याची ट्यूब आपल्या चेहऱ्याले आनू नको."

आता ज्याबद्दल माझं मत उलटंपालटं झालं त्या फेअर अँड लव्हलीची गोष्ट. १९७५ मध्ये ते बाजारात आलं आणि मला ते कायम डोक्यात जायचं. सावळ्या पोरीला नोकरी मिळत नाही, लग्न जमत नाही, आणि ट्यूब लावली की विमानात बसते! ती जाहिरात मला आजही किळसवाणी वाटते. २०२० मध्ये नावातला फेअर जाऊन ग्लो आला, तरी माझा राग गेला नाही. पण ट्यूबमधला मुख्य घटक होता नियासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. रंग बनवणाऱ्या पेशींकडून वरच्या पेशींकडे जाणारा रंग तो थोडा अडवतो, कातडीचं आवरण धड ठेवतो, आणि दोन ते पाच टक्क्यांत बहुतेकांना सोसतो. गोरं कोणाला करत नाही. डाग थोडे फिके करतो. आज पुतणीच्या मैत्रिणी ड्रॉपरच्या बाटलीतून पाच-सहाशे रुपयांना घेतात ते सीरम म्हणजे तोच नियासिनामाइड. वर बाटलीवर दहा टक्के लिहिलेलं असलं की त्यांना दुप्पट फायदा वाटतो. काहींना त्यानं नुसती लाली येते. दहा रुपयांच्या ट्यूबला आम्ही गावंढळ म्हटलं आणि तोच रेणू काचेत आला तेव्हा शास्त्र म्हटलं.

व्हिटॅमिन सीच्या बाटल्या मी ठेवतच नाही. ते द्रव्य हवेनं आणि उष्णतेनं पिवळं, मग तपकिरी पडतं आणि निकामी होतं. मे महिन्यात एसटीच्या टपावरून किंवा टेम्पोतून आलेली बाटली माझ्याकडे पोचेपर्यंत तिच्यात काय उरणार? रेटिनॉल विचारणाऱ्या बाईला मी आधी दिवस गेलेत का ते विचारते. गर्भारपणात ते नको.

सनस्क्रीनवर मात्र मी आणि पुतणी अजून एका जागी आलेलो नाही. ती म्हणते, डाग घालवायला जे काही लावाल ते उन्हापासून बचाव केल्याशिवाय वाया आहे. हे बरोबर आहे. एसपीएफ तीस म्हणजे जाळणाऱ्या किरणांपैकी सुमारे सत्त्याण्णव टक्के अडतात, पन्नास म्हणजे अठ्ठ्याण्णव. तेव्हा पन्नाससाठी जास्त पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही, हेही तिनंच सांगितलं. पण हे आकडे पुरेसं लावलं तर: चेहरा आणि मान मिळून एक ग्रॅमहून जास्त, आणि घाम येत असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. कपाशी वेचणाऱ्या बाईनं हे पाळलं तर पन्नास ग्रॅमची ट्यूब पंधरा दिवस पुरणार नाही, आणि तिची किंमत म्हणजे तिची दीड-दोन दिवसांची मजुरी. मी तिला सनस्क्रीन विकत नाही. तिच्या डोक्यावरचा दुपट्टा, नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, दुपारची झाडाखालची सुट्टी, हे आधी. कॉलेजात जाणारीला, बँकेत बसणारीला, वांगाची औषधं चालू असलेलीला मी ट्यूब देते. पुतणी याला भेदभाव म्हणते. म्हणू दे.

साबणात मात्र सगळ्यांसाठी एकच आकडा मी दाखवते, कारण तो वेष्टनावर छापलेला असतो: टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीयुक्त द्रव्याचं प्रमाण. पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्यात ७०, तिसऱ्यात ६०. आणि 'बेदिंग बार' म्हणून विकली जाणारी वडी ४० वरही चालते. ज्या बायका क्रीमची यादी बघत नाहीत त्या हा आकडा बघायला लागल्यात, आणि आता एजंटालाच विचारतात.

सोनेरी झाकणाच्या डब्या मी बंद केल्या. त्यानं गाव सुधारलं नाही. "काकू, थे गोरं व्हायची डबी नाई ठेवत काय वो तुमी आता?" असं विचारून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं, आणि तिथे ती मिळते. अकोल्याच्या त्या तिघींची गोष्ट मी सांगते. कोणी ऐकते; कोणी म्हणते, माझ्या मावसबहिणीला तर काही झालं नाही.

आणि वासाचा वाद उरलाच आहे. यादीत 'परफ्यूम' या एका नावाखाली पुष्कळ द्रव्यं दडलेली असतात आणि क्रीमनं खाज सुटते तेव्हा बहुधा गुन्हेगार त्यांतलाच असतो. संत्र्याच्या सालीचं अस्सल तेल असलं तरी त्यातलं लिमोनीन हवेत मुरून तोच उपद्व्याप करतं. पुतणीचं म्हणणं, वासाचा माल काढून टाक, बिनवासाचा ठेव. मी बिनवासाचं एक खोकं मागवलं होतं. नाजूक कातडीच्या दोघीतिघींनी घेतलं, बाकी फळीवर आहे. दिवसभर निंदून आलेली बाई दहा रुपये काढते ते थोड्या गुलाबाच्या वासासाठीही काढते. तिला खाज सुटत नसेल तर तो वास मी तिच्यापासून काढून घेणार नाही, आणि यावर पुतणीनं कितीही निबंध दाखवले तरी सध्या तरी ऐकणार नाही.